गाडीवरचा कर्णा

आवाजाचा त्रास हे हल्लीच्या पिढीचे दुखणे आहे, पूर्वी सगळीकडे शांतता नांदत होती, असे आपण सहज बोलून जातो. पण ते खरे नाही. दोन हजार वर्षांपूर्वी रोम शहरात ज्यूलियस सीझरने कायदा केला होता, की दिवसा शहरातल्या रस्त्यांवर मालाच्या गाड्या आणायच्या नाहीत. दिवसाची गर्दी त्यामुळे कमी झाली खरी, पण त्या सगळ्या गाड्या रात्री येऊ लागल्या. फरसबंदीवर लाकडी चाके खडखडत आहेत, गाडीवान एकमेकांवर ओरडत आहेत, आणि घरात माणसे तळमळत पडली आहेत, असे चित्र झाले. जुव्हेनल नावाच्या तिथल्या कवीने गरिबाच्या झोपेची ही दुर्दशा आपल्या काव्यात मांडून ठेवली आहे. तेव्हा गाडी आणि गोंगाट यांचे लग्न फार जुने. वऱ्हाडी तेवढे बदलत गेले.

भगिनींनो, मी काही इतिहासाची पंडित नव्हे. शिक्षण सातवीपर्यंतचे, पुढे संसार. परंतु माझी थोरली कायद्याच्या शेवटच्या वर्षाला आहे, ती संध्याकाळी निकालपत्रे मोठ्याने वाचते आणि मी पोळ्या लाटता लाटता ऐकते. जे समजले नाही ते विचारते. मंडळाच्या वाचनालयातील पुस्तकांचाही उपयोग झाला. स्मरणिकेसाठी पाककृती द्या असे चिटणीसबाईंनी सुचवले होते. पण गेल्या वर्षभर आपल्या बैठकीत ज्या विषयावर सर्वांत अधिक बोलणे झाले, त्याचा इतिहास कोणीतरी लिहायला हवा होता, म्हणून हा खटाटोप.

पूर्वी आपल्या गावांतून मोठे आवाज नव्हते असे नाही. देवळाचा चौघडा होता, काकडआरतीची घंटा होती, मशिदीची बांग होती, लग्नाचा ताशा होता, गिरणीचा भोंगा होता. पण त्या प्रत्येक आवाजाला ठरलेली वेळ होती, आणि दुसरे असे की बहुतेक आवाजांमागे माणसाचा गळा किंवा माणसाचा हात होता. गळा दमतो, हात भरून येतो. ताशावाला किती वेळ बडवील? तासाभराने तोही पाणी मागतो. आवाजाला दम लागत होता तोवर ऐकणाऱ्यालाही उसंत मिळत होती. यंत्राला दम लागत नाही, इथून पुढची सगळी कथा सुरू होते.

ती सुरू होण्याआधी इंग्लंडमधली एक हकिकत सांगण्याजोगी आहे. लंडनला चार्ल्स बॅबेज नावाचे मोठे गणिती होऊन गेले. आज घरोघरी जो संगणक दिसतो, त्याची मूळ कल्पना या गृहस्थांची. त्यांच्या घराखाली रस्त्यावर हातपेटी फिरवणारे, पिपाण्या वाजवणारे, बँडवाले सारखे येत. मांडलेले गणित मोडे. त्यांनी तक्रारी केल्या, कोर्टात गेले, वर्तमानपत्रांत लिहिले. त्याचा परिणाम काय झाला? शेजाऱ्यांनी मुद्दाम वाजंत्री आणून त्यांच्या खिडकीखाली उभी केली, पोरे मागे लागून चिडवू लागली. अखेर १८६४ साली पार्लमेंटात मायकेल बास या सभासदाच्या पुढाकाराने रस्त्यावरील वादनासंबंधीचा कायदा झाला. कायदा मिळाला, पण म्हाताऱ्याला स्वस्थता मिळाली नाही. १८७१ मध्ये ते वारले. तक्रार करणाऱ्यालाच वेडा ठरवायचे, ही रीत लंडनचीही आहे हे वाचून मला, खरे सांगते, जरा बरे वाटले. मला वाटत होते ती आपल्याच गल्लीची आहे!

आता एका बाईची गोष्ट. ही मी जरा विस्ताराने सांगणार आहे, कारण ती आपल्यासारख्याच एका संसारी बाईची आहे.

न्यूयॉर्क शहरात हडसन नदीच्या काठी ज्यूलिया बार्नेट राइस या बाई राहात. डॉक्टरी शिकलेल्या होत्या, पण व्यवसाय न करता घरसंसार सांभाळत होत्या. सहा मुले होती. घराखालच्या नदीतून रात्रभर लहान बोटी जा-ये करीत आणि प्रत्येक बोट वाफेची शिटी फुंकी. मुले दचकून उठत. बाई श्रीमंत होत्या, दुसरीकडे राहायला जाऊ शकल्या असत्या. पण नदीकाठी इस्पितळेही होती. तिथल्या रोग्यांनी कुठे जावे, असा विचार त्यांच्या मनात आला.

पुढे त्यांनी जे केले ते लक्षात ठेवण्यासारखे आहे. त्यांनी आरडाओरडा केला नाही. त्यांनी कोलंबिया विद्यापीठातले विद्यार्थी नेमले आणि त्यांना नदीकाठी बसवून शिट्या मोजायला लावल्या. एका रात्रीत सुमारे ३,००० शिट्या भरल्या! टिपणे पाहिली तेव्हा कळले की यातल्या बहुतेक शिट्या धोक्याची सूचना देण्यासाठी नव्हत्याच. एका खलाशाने दुसऱ्याला रामराम करावा, त्यातल्या होत्या. ही टिपणे आणि इस्पितळांच्या प्रमुखांची पत्रे हाती घेऊन बाई एका कचेरीतून दुसऱ्या कचेरीत फिरल्या. पोलीस म्हणाले नदी आमची नाही, शहराचे अधिकारी म्हणाले बोटी आमच्या नाहीत. हा अनुभव तुम्हा-आम्हाला नवा नाही. शेवटी त्या थेट वॉशिंग्टनपर्यंत पोचल्या, आणि १९०७ साली बेनेट या प्रतिनिधीने आणलेल्या कायद्याने बंदरातल्या विनाकारण शिट्यांना आळा बसला.

त्याच सुमारास, १९०६ मध्ये, बाईंनी अनावश्यक गोंगाट थांबवण्यासाठी एक मंडळ स्थापन केले. ‘अनावश्यक’ हा शब्द त्यांनी मुद्दाम घातला होता. सगळाच आवाज बंद करा असे त्यांचे म्हणणे नव्हते. या मंडळाच्या खटपटीने न्यूयॉर्कमध्ये इस्पितळांभोवतीचे रस्ते शांततेचे म्हणून ठरवले गेले. आज आपण ‘शांतता क्षेत्र’ अशी पाटी वाचतो, तिच्या जन्माशी या बाईंचा असा संबंध आहे. मुलांनी दवाखान्याजवळ दंगा करू नये म्हणून त्यांनी शाळाशाळांतून मुलांचीही शाखा काढली, मुलांना छातीवर लावायला बिल्ले दिले, आणि प्रसिद्ध विनोदी लेखक मार्क ट्वेन यांना त्या शाखेचे मानाचे अध्यक्षपद दिले. मुलांना बिल्ला आवडतो हे कोणत्याही आईला ठाऊक असते. पुरुषांच्या मंडळाला हे सुचले असते की नाही, कोण जाणे.

राइसबाईंच्या वेळी कर्णा मात्र यायचा होता. तो आला १९१५ साली. कॅलिफोर्नियात पीटर जेन्सन आणि एडविन प्रिडम या दोघांनी विजेवर चालणारा मोठ्या आवाजाचा कर्णा तयार केला, आणि त्या वर्षीच्या २४ डिसेंबरला, नाताळच्या आदल्या संध्याकाळी, सॅनफ्रान्सिस्कोच्या नगरभवनासमोर हजारो लोकांना त्यावरून गाणी व भाषणे ऐकवली. लोक थक्क झाले. त्यांनी आपल्या कर्ण्याला ‘मॅग्नाव्हॉक्स’ असे नाव दिले. लॅटिन भाषेत त्याचा अर्थ ‘मोठा आवाज’ असाच होतो. १९१९ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष विल्सन त्यावरून सॅन दिएगो येथे बोलले. एक माणूस बोलतो आणि मैदानभर माणसे ऐकतात, ही केवढी सोय! पुढाऱ्यांना तर सोन्याची खाण सापडली.

आपल्याकडेही कर्णा आला तो चांगल्या कामासाठीच आला, हे विसरता कामा नये. १९३० नंतरच्या दशकात काँग्रेसच्या अधिवेशनांना मुंबईच्या शिकागो रेडिओ या मोटवानी घराण्याच्या कंपनीचे कर्णे असत. गांधीजींच्या व नेहरूंच्या जुन्या छायाचित्रांत त्यांच्यापुढच्या ध्वनिक्षेपकावर हे नाव आजही वाचता येते. गांधीजींचा आवाज काही मोठा नव्हता. कर्णा नसता तर मागे उभ्या असलेल्या बायाबापड्यांना तो ऐकू आला नसता. आजही पूर आला की नदीकाठी गाडी फिरते आणि कर्ण्यावरून सूचना देते, तेव्हा त्या आवाजाचा कोणाला राग येत नाही. सांगली जिल्ह्यातच मोहित्यांचे वडगाव येथे २०२२ पासून संध्याकाळी सात वाजता भोंगा वाजू लागला, तो कशासाठी? तर घरोघरचे दूरदर्शन आणि मोबाइल दीड तास बंद करून मुलांनी अभ्यासाला बसावे म्हणून! भोंग्याचा असाही उपयोग होतो.

बिघडले ते कर्णा गाडीवर चढला तेव्हा. घरातला रेडिओ मोठा झाला तर शेजारीण भिंतीवर थाप मारते, आणि उद्या तिच्याकडेच विरजण मागायला जायचे असते, म्हणून आपण तो लहान करतो. गाडीवाल्याचे तसे नसते. तो गल्लीत येतो, दणाणून सोडतो आणि निघून जातो. त्याला विरजण मागायचे नसते. माझ्या मते या सगळ्या प्रकरणाचे मूळ इथे आहे, कायद्याच्या पुस्तकात नाही.

अमेरिकेत हे आधी घडले. १९३० साली पॉल गॅल्व्हिन या कारखानदाराने मोटारीत बसवण्याजोगा रेडिओ तयार केला आणि मोटारीवरूनच त्याला ‘मोटोरोला’ हे नाव दिले. तो मोटारीतल्या माणसासाठी होता. पण लवकरच टपावर कर्णे बांधून गावभर जाहिराती आणि प्रचार करीत फिरणाऱ्या गाड्याही निघाल्या. त्यांच्यावरून मोठा वाद झाला. कोणी म्हणाले, बोलण्याचे स्वातंत्र्य घटनेने दिलेले आहे. कोणी म्हणाले, बोला, पण ऐकायची सक्ती का? १९४८ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने एका गावाचा नियम रद्द केला, कारण परवानगी देणे-न देणे सर्वस्वी पोलीसप्रमुखाच्या मर्जीवर सोडलेले होते. पुढच्याच वर्षी, १९४९ मध्ये, ट्रेंटन गावचा नियम त्याच न्यायालयाने उचलून धरला. त्या नियमात मोठ्या व कर्कश आवाजाच्या गाड्यांना रस्त्यावर बंदी होती. घरात बसलेल्या माणसाला भाषणाचे पत्रक नको असेल तर तो घेणार नाही, दार लावील. आवाजाला दार लावता येत नाही, असा त्या निकालाचा मथितार्थ आमच्या थोरलीने मला सांगितला.

पुढे मोटारीतही टेप आले, मग मागच्या डिकीत मोठमोठी खोकी बसवण्याची टूम निघाली. १९८० नंतर तरुण मुले गाड्यांतून असे संगीत सोडत हिंडू लागली की रस्त्याकडेच्या घरांची तावदाने थरथरत. फ्लोरिडा राज्यात असा नियम होता, की २५ फुटांवर स्पष्ट ऐकू येईल इतका आवाज गाडीतून येता कामा नये. परंतु त्यातून धंद्याच्या व राजकीय प्रचाराच्या गाड्या वगळल्या होत्या! २०१२ मध्ये तिथल्या वरिष्ठ न्यायालयाने तो नियम रद्द केला. गाणे लावले तर दंड आणि मत मागितले तर माफ, हा कुठला न्याय, असे न्यायालयाने म्हटले तर त्यात वावगे काय? सर्वांना सारखा नसलेला नियम टिकत नाही. हे मी मुद्दाम लिहिले आहे, कारण आपल्याकडेही चर्चा सुरू झाली की लगेच ‘आधी त्यांचा बंद करा, मग आमचा’ यावर येते आणि तिथेच संपते.

आपल्या राज्यात पोलिसांना रस्त्यावरील वाद्ये व गोंगाट यांवर बंधन घालण्याचा अधिकार १९५१ च्या मुंबई पोलीस कायद्यानेच मिळालेला आहे. आता त्याला महाराष्ट्र पोलीस कायदा म्हणतात. त्याहून जुनी १८६० ची दंडसंहिता. तिच्यात सार्वजनिक उपद्रवाला जास्तीत जास्त २०० रुपये दंड होता. १८६० मध्ये २०० रुपयांत माणूस आडवा झाला असता. पण हा आकडा तसाच दीडशे वर्षांवर चालत राहिला, आणि १ जुलै २०२४ पासून नवी न्याय संहिता लागू झाली तेव्हा तो १,००० रुपये झाला. एका रात्रीच्या डीजेच्या भाड्यापुढे ही रक्कम म्हणजे दर्यात खसखस.

मुंबईत या कामाला हात घातला तो डॉ. यशवंत ओक यांनी. १९८५ साली ते उच्च न्यायालयात गेले. पुढे सुमैरा अब्दुलअली या बाई त्यांना येऊन मिळाल्या. २००३ मध्ये शांतता क्षेत्रांसाठी पुन्हा न्यायालयाकडे दाद मागण्यात आली आणि बाईंनी २००६ मध्ये ‘आवाज फाउंडेशन’ स्थापन केले. त्यांनीही राइसबाईंसारखेच केले. आवाज मोजायचे यंत्र हातात घेऊन त्या गणपतीत, दिवाळीत, ईदच्या मिरवणुकीत रस्त्यावर उभ्या राहात आणि आकडे वर्तमानपत्रांना देत. आकडा समोर आला की ‘तुम्हाला जास्तच त्रास होतो’ असे म्हणायची सोय राहात नाही.

या आकड्यांविषयी थोडे सांगते, कारण पुष्कळजणींचा इथे घोटाळा होतो. आवाज डेसिबलमध्ये मोजतात. सध्याचे नियम १४ फेब्रुवारी २००० रोजी जाहीर झाले. त्याप्रमाणे राहत्या वस्तीत दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. बाजारपेठेत दिवसा ६५ व रात्री ५५. शांतता क्षेत्रात दिवसा ५० व रात्री ४०. रात्र म्हणजे दहा ते सकाळी सहा. आता ५५ आणि ८५ यांत फरक केवढा? आपल्याला वाटते, दीडपट. तसे नाही. दर दहा डेसिबलला आवाजाची शक्ती दहापट होते. तेव्हा ५५ वरून ८५ म्हणजे हजारपट! शिवाय हे डीजेवाले जो ‘बेस’ लावतात, त्या खर्जाच्या लाटा लांब असतात, कित्येक हात लांबीच्या. त्या भिंतीला जुमानत नाहीत. खिडक्या लावल्या, कानात बोळे घातले, तरी छातीत धडधड होतेच आणि मांडणीवरची पातेली नाचतातच. कानांनी नव्हे, अंगाने ऐकू येणारा हा आवाज आहे.

यानंतर जे लिहायचे आहे ते लिहिताना माझा हात जड झाला आहे.

३ जानेवारी १९९८ च्या वर्तमानपत्रांत एक बातमी आली होती. तेरा वर्षांच्या एका मुलीवर अत्याचार झाला. ती मदतीसाठी ओरडत होती. शेजारी कर्ण्यावर मोठ्याने गाणी चालू होती. तिची हाक कोणाला ऐकू गेली नाही. त्याच दिवशी संध्याकाळी त्या पोरीने स्वतःला पेटवून घेतले आणि ती गेली. ही बातमी वाचून अनिल मित्तल नावाच्या एका अभियंत्याने सर्वोच्च न्यायालयात अर्ज केला. त्यांचा त्या मुलीशी काही नातेसंबंध नव्हता. निकाल लागायला सात वर्षे लागली. १८ जुलै २००५ रोजी सरन्यायाधीश लाहोटी यांच्या खंडपीठाने तो दिला. रात्री दहा ते सकाळी सहा कर्णा, ढोल, ताशा काही वाजवायचे नाही. सार्वजनिक जागेच्या सीमेवर आवाज ७५ डेसिबलच्या वर जाता कामा नये. रात्री वस्तीत गाडीचा भोंगा वाजवू नये. नियम मोडणाऱ्याची यंत्रे जप्त करण्याची तरतूद राज्यांनी करावी, असे त्यात आहे. सणासुदीसाठी वर्षातून पंधरा दिवसांपर्यंत रात्री बारापर्यंत सवलत देता येते. तीही त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये न्यायालयाने मान्य केली.

आवाजाच्या प्रश्नाला लोक श्रीमंतांची नाजूक तक्रार म्हणतात. ज्याच्या घरात काही घडलेले नाही त्याने तसे म्हणावे. आपल्यापैकी प्रत्येकीच्या घरात मुलगी आहे, नात आहे, एकटी राहणारी सासू आहे. गाडी दारातून जात असताना तिने हाक मारली तर ती ऐकू यावी, एवढेच मागणे आहे.

या निकालानंतर सगळे सुरळीत झाले असते तर मी पाककृतीच दिली असती. २०१६ च्या ऑगस्टमध्ये ठाण्याच्या डॉ. महेश बेडेकर यांच्या अर्जावर मुंबई उच्च न्यायालयाने सांगितले, की कर्णा वापरणे हा कोणत्याही धर्माचा मूलभूत हक्क नव्हे. पुढच्या वर्षी, १० ऑगस्ट २०१७ रोजी, केंद्र सरकारने नियमच बदलला, आणि राज्य सरकारने जाहीर केल्याशिवाय कोणतीही जागा शांतता क्षेत्र ठरणार नाही असे केले. पूर्वी दवाखाना, शाळा, न्यायालय यांच्या भोवतालचे १०० मीटर आपोआप शांत मानले जात. आपल्या मिरजेला हा बदल किती लागू आहे पाहा. १८९४ मध्ये डॉ. वॉनलेस यांनी इथे इस्पितळ काढले तेव्हापासून हे दवाखान्यांचे गाव. कोकणातून, कर्नाटकातून माणसे उपचाराला येतात. रुग्ण आत, आणि बाहेरून टेम्पोवरची भिंत चालली आहे! ‘भिंत’ हा शब्द त्या डीजेवाल्यांचाच आहे. खोक्यांवर खोकी रचून ते भिंतच उभारतात.

आणि हेच गाव तंबोऱ्याचे. इथल्या सतारमेकर मंडळींची सतार आणि तंबोरा देशभर जातात. २०२४ मध्ये त्यांना भौगोलिक मानांकनही मिळाले. पंढरपूरकडचे भोपळे आणून, वाळवून, त्यांतून हे वाद्य घडते. त्याची जवारी लावताना कारागीर घोडीवर कानस हळूच फिरवतो, तार छेडतो, ऐकतो, पुन्हा फिरवतो. तिथे यंत्र चालत नाही, कानच लागतो. १९३७ साली अब्दुल करीमखाँ वारले, त्यांची कबर मीरासाहेबांच्या दर्ग्यात आहे, आणि उरुसात तिथे मोठमोठे कलावंत येऊन गाऊन जातात. तेव्हा आम्हा बायकांना संगीताचे वावडे आहे असे जे तरुण कार्यकर्ते म्हणतात, त्यांनी हा विचार करावा. ज्या गावात स्वर एवढा बारीक ऐकला जातो, त्या गावाला बहिरे करणे हा गावाच्या धंद्यावरही घाला आहे.

गणेशोत्सवाचेही तेच. टिळकांनी १८९३ पासून त्याला जोर दिला तेव्हा मेळे होते, पदे होती, व्याख्याने होती. शब्द ऐकू यावेत हाच हेतू. आता शब्द ऐकू येत नाहीत. २०१८ मध्ये डीजेवरची बंदी उठवा म्हणून ध्वनियंत्रणेचे व्यावसायिक उच्च न्यायालयात गेले, तेव्हा न्यायालयाने ती ऐन गणपतीत उठवायला नकार दिला. डीजेवाल्यांचेही पोट आहे, कर्ज काढून त्यांनी यंत्रे घेतलेली असतात, हे मला कळते. पण आवाज कमी ठेवला तर भाडे कमी मिळते असे कुठे आहे? भाडे गाण्याचे असते की थरथरण्याचे?

गाड्यांच्या भोंग्याबाबत दोन गमती सांगून पुढे जाते. ट्रकच्या मागे ‘हॉर्न ओके प्लीज’ लिहायला आपल्या राज्याने २०१५ मध्ये बंदी केली. लिहिणारे लिहीतच आहेत. २०२० च्या जानेवारीत मुंबई पोलिसांनी मात्र एक नामी युक्ती जाहीर केली. सिग्नलला आवाज मोजायचे यंत्र जोडले. लाल दिव्यापाशी भोंग्यांचा गोंगाट ८५ डेसिबलवर गेला की दिवा पुन्हा नव्वद सेकंद लालच! शिक्षा एकट्याला नाही, सगळ्यांना. मग शेजारचाच शेजारच्याला गप्प करतो. विरजणाचे तत्त्व पोलिसांना बरोबर सापडले.

आता आपल्या मंडळाच्या अर्जाविषयी. गेल्या पावसाळ्यात आपल्या गल्लीतून रात्री साडेअकराला एक मिरवणूक गेली. कोपऱ्यावरच्या घरात दहा दिवसांची बाळंतीण होती, समोरच्या आजींना नुकतेच हृदयविकाराच्या दवाखान्यातून आणले होते. दुसऱ्या दिवशी बैठकीत सगळ्या तावातावाने बोलल्या. अर्ज लिहिला गेला, चांगला दोन पानी. पण पहिली सही कोणाची, इथे गाडी अडली. कोणाच्या दिरांचे दुकान त्याच रस्त्यावर, कोणाचा मुलगा त्याच तरुण मंडळात, कोणाला सासऱ्यांची परवानगी हवी. मांजराच्या गळ्यात घंटा बांधायला उंदीर मिळेना. अर्ज कपाटात राहिला. मी यात कोणाला दोष देत नाही. बॅबेजसाहेबांच्या खिडकीखाली वाजलेला बँड आपल्याही कोणाच्या खिडकीखाली वाजला असता, आणि पुरुषमाणसे बाहेरगावी असताना वाजला असता.

म्हणून २३ जानेवारी २०२५ चा निकाल आपल्यासाठी महत्त्वाचा आहे. कुर्ल्याच्या नेहरूनगर भागातील रहिवासी न्यायालयात गेले होते. पोलीस दाद घेत नव्हते. न्यायमूर्ती गडकरी व न्यायमूर्ती चांडक यांनी सांगितले, की कर्णा हा कोणत्याही धर्माचा अत्यावश्यक भाग नाही, आणि तक्रार आली की पोलिसांनी तक्रार करणाऱ्याची ओळख न विचारता कारवाई करावी. त्याचे नाव दुसऱ्या बाजूला कळता कामा नये, कारण मग त्याच्यावर राग धरला जातो. प्रथम समज द्यावी, पुन्हा घडल्यास दंड, त्यानंतर यंत्रे जप्त, असा क्रम घालून दिला. कर्ण्यातच आवाजाला मर्यादा घालणारी सोय बसवण्याचा विचार सरकारने करावा, असेही म्हटले. हे थोरलीने वाचून दाखवले तेव्हा मी तिला ते वाक्य दोनदा वाचायला लावले. पहिली सही कोणाची, हा प्रश्नच यात उरत नाही.

११२ या क्रमांकावर तक्रार नोंदवता येते. बोलताना नुसते ‘फार आवाज आहे’ असे सांगू नये; रस्ता, चौक, वेळ आणि दिसल्यास गाडीचा क्रमांक सांगावा. पोलीस आले की नाही, किती वेळाने आले, आवाज कधी थांबला, हेही टिपून ठेवावे. यासाठी एक दोनशे पानी वही आणून चिटणीसबाईंच्या कपाटात, त्या अर्जाशेजारीच ठेवली आहे. राइसबाईंकडे कोलंबियाचे विद्यार्थी होते. आपल्याकडे रात्री दूध तापवायला, औषध द्यायला उठणाऱ्या बाया आहेत. ज्या रात्री आवाज होईल त्या रात्रीची नोंद दुसऱ्या दिवशी भजनाला येताना वहीत करावी. तारीख, वेळ, ठिकाण, गाडीचा क्रमांक एवढेच रकाने आखले आहेत. लिहिणारीच्या नावाचा रकाना ठेवलेला नाही.